पत्रिकेतून गळालेली नावं

शिरूर-दौंड पट्ट्यात लग्नाची पत्रिका कुणी तारीख बघायला उघडत नाही. तारीख आधीच गावभर झालेली असते. पत्रिका उघडतात ती आपलं नाव आहे का ते बघायला, आणि असलं तर भावकीतल्या अमक्याच्या वर आहे की खाली, ते बघायला. लग्नातली आमटी खारट झाली तर लोक हात धुता धुता विसरतात. पत्रिकेत नाव राहिलं तर ते दुखणं नातवापर्यंत पोचतं. त्यामुळे इथल्या छापखान्यांना शाई आणि कागदापेक्षा नावांची धास्ती जास्त, आणि शिरूरच्या आनंदरावांच्या छापखान्यात ही धास्ती बहुतेक एकटी सुवर्णा वाहत असे.

सुवर्णा कारेगावला राहायची. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर, मुलगा पुण्यात शिकायला. लग्नाआधी दौंडला मराठी टायपिंग शिकली होती, तेवढ्या शिदोरीवर ती या छापखान्यात लागली आणि इथंच मुरली. नुसती बोटं चालवणारी बाई नव्हती ती. चुलतचुलत्याला कुठं बसवायचं, दोन मेव्हण्यांत आधी कोण, सरपंच आणि माजी सरपंच एकाच ओळीत आले तर काय करायचं, हे तिला विचारावं. गिऱ्हाईक अडलं की आनंदराव मान वर न करता म्हणायचे, सुवर्णाताईंकडं जा.

यंदाच्या लगीनसराईत तिच्यासमोर अशी एक पत्रिका आली, जिच्यात तिला स्वतःचं नाव हवं होतं. नवरी होती राजनंदिनी, तिच्या थोरल्या भावाची, महेंद्रदादाची मुलगी. माहेर देऊळगाव राजेचं, शेवंती आणि वांग्याचं रान. राजनंदिनीच्या बारशाला पाळण्याशी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं होतं ते सुवर्णानंच, आत्याचाच मान असतो तो. पुढं हक्कसोडीच्या कागदावरून बहीणभावाचं फाटलं. तिला जमिनीचं काही नव्हतं. दादानं स्वतः न येता परक्या माणसाच्या हाती कागद धाडले, याचं होतं. दोन वाक्यं बोलायला भाऊ उंबऱ्यात येऊ शकत नाही का, म्हणून तिनं कागद परत पाठवले. वर्षभरानं सही दिलीसुद्धा, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. राखी कुरिअरनं जायची. पोचली की नाही ते कधी कळायचं नाही.

नवरदेव न्हावऱ्याचा. दोन्ही घरांनी ठरवलं, पत्रिका एकच काढू, दोन्हीकडची नावं एकत्र. न्हावऱ्याच्या पाहुण्यांनी नावं शिरूरला येऊन द्यायची आणि दादानं दौंडला, कारण आनंदरावांनी दौंडलाही शाखा काढली होती. दादानं यादी दौंडला दिली, पहिल्याच दिवशी सुवर्णानं ती फायलीत वाचली. चुलते, मामा, मावश्या, चुलतभाऊ. आत्या नव्हती.

आता इथं छापखान्याची जुनी रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाखा निघायच्या आधी सगळं काम एका खोलीत चालायचं. तीन संगणक, तीन माणसं. एखादी पत्रिका उघडायची तर आधी हाक द्यायची, अमक्याची पत्रिका कुणाकडं? ज्याच्याकडं असेल तो म्हणायचा, माझ्याकडं हाय. तो ‘सोडली’ म्हणेपर्यंत दुसरा कुणी तिला हात लावत नसे. हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. मग दौंडची शाखा निघाली आणि शिरूरच्या खोलीत कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर आला. सगळ्या फायली त्याच्यात, आणि इंटरनेटवरून दोन्हीकडच्यांनी त्याच उघडायच्या. दौंडला सत्यजीत बसायचा, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, कामाला चोख. शिरूरचे संगणक विंडोजवर होते. दौंडच्या संगणकावर सत्यजीतनं लिनक्स टाकलं होतं, कारण ते फुकट मिळतं, आणि फुकट या शब्दावर आनंदराव फार लवकर राजी व्हायचे. सगळं छान चाललं होतं, फक्त शिरूरची हाक दौंडला ऐकू जात नव्हती.

सराई सुरू झाली आणि पत्रिकांतून नावं गळायला लागली. इथलं एक, तिथली दोन. छपाईआधीच्या प्रूफात सापडायची म्हणून निभावलं. सुवर्णाला वाटलं, कुणीतरी घाईत हात फिरवतंय. तेव्हा राजनंदिनीच्या पत्रिकेवर तिनं पहाराच बसवला. सकाळी आल्या आल्या नावांची फाईल उघडायची, दिवसभर उघडीच ठेवायची, मध्ये दुसरी कामं करायची आणि निघताना सेव्ह करून बंद करायची. जुन्या खोलीतल्या सवयीनं तिची खात्री होती, की फाईल आपल्यापुढं उघडी आहे तोवर जगात दुसरं कुणी तिला शिवत नाही.

आणि रोज सकाळी उघडल्यावर आधी ती नवरीकडची नावं वाचायची. आज तरी दादानं आपलं नाव सांगितलं असेल. नसायचं. एक ओळ तर टाकायची होती, बोटं तिचीच होती, विचारणारं कुणी नव्हतं. एकदा तिनं ‘आत्या’ एवढं टाइप केलंसुद्धा, आणि खोडलं. मागून घेतलेल्या मानानं पोट भरत नाही. रोज सकाळी आशा लावायची आणि दुपारपर्यंत ती गिळायची, असा तिचा दिवस झाला होता.

प्रूफ न्हावऱ्याच्या पाहुण्यांनी तपासलं. त्यांनी आपली नावं बघितली, ती बरोबर होती, आणि हो म्हटलं. पत्रिका छापली. पहिली देवापुढं ठेवली, बाकीच्या गावोगाव निघाल्या.

त्यानंतर दादाचा फोन आला तो आनंदरावांना. त्यांनी फोनचा स्पीकर लावला, कदाचित मुद्दाम. दादाचा आवाज ती कैक वर्षांनी ऐकत होती. गेणबा चुलत्यांचं नाव नाही, साखरबाईंचं नाही, भावकीतली आणखी दोन घरं गेलेली, आणि गेणबा चुलते पत्रिका ओट्यावर टाकून निघून गेले होते. आनंदरावांनी चुकून राहिलं असेल म्हणून बघितलं.

“चुकून न्हाई,” दादा म्हणाला. “दौंडात सत्यजीतनं नावं टाकली ती म्या माझ्या डोळ्यानं स्क्रीनवर बघितली. तिथनं पुढं ती कुणाच्या हाताखालनं गेली ते मला ठाव हाय. तुमच्याकडं माझी बहीण बसती.”

खोलीत कुणी सुवर्णाकडं बघितलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

आनंदराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुण्याहून सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर बोलावला. त्यानं शिरूरच्या एका संगणकावर फाईल उघडली, मग शेजारच्या संगणकावर तीच उघडायला गेला. लगेच पाटी आली: फाईल दुसऱ्याकडे उघडी आहे, फक्त वाचता येईल. हे बघा, तो म्हणाला, लॉक चालतंय. एकानं उघडली की दुसऱ्याला लिहिता येत नाही. सिस्टीम ठीक आहे, पुसलं असेल तर माणसानंच. चहा पिऊन तो निघून गेला आणि जाताना सुवर्णाच्या गळ्यात दगड बांधून गेला. तिची फाईल दिवसभर उघडी असायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे दुसऱ्या कुणाला लिहिताच येत नव्हतं. म्हणजे तीच.

आनंदरावांनी तिला पत्रिकांवरून काढून बिलबुकांवर बसवलं. थोडे दिवस, म्हणाले. बिलबुकात नाव एकच असतं, दुकानाचं. कारेगावच्या गल्लीतही बातमी येऊन पोचली, की भावावरचा राग बाईनं भाचीच्या पत्रिकेवर काढला. नवरा म्हणाला, नोकरी सोड, नको ते दुखणं. त्याला कसं सांगावं, की नोकरी सोडली तर ते खरंच ठरेल.

मग राजनंदिनीचा फोन आला. पोरगी रडत होती.

“आत्या, तुमचं दोघांचं काय आसंल ते आसू दे. माझ्यावर कशापायी काढलंस?”

सुवर्णानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की सांगण्यासारखं आपल्याकडं काहीच नाही. मी पुसलं नाही, एवढंच. ते तर पुसणाराही म्हणतो. फोन तिकडून बंद झाला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, की आपणच पुसलं असेल. झोपेत चालणारी माणसं असतात तसं काहीतरी. ‘आत्या’ टाइप करून खोडलं तेव्हा बोट जास्त वेळ दाबलं गेलं असेल का? चार घरं पुसली जाईपर्यंत? ती छापखान्याच्या मागच्या मोरीत जाऊन रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा बिलबुकांवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर तिनं सत्यजीतला फोन लावला. तो आधी कामात आहे म्हणाला. ती म्हणाली, मी भांडायला केला नाही, मला वेड लागायची पाळी आलीय, मदत कर. मग तो म्हणाला, बोला ताई.

सुरुवातीला दोघांनी आंधळी कोशिंबीर खेळली. सर्व्हर बंद करून चालू केला. वायर काढून घातली. शिरूरच्या संगणकावरचं व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर थांबवून बघितलं. एक खोटी पत्रिका केली, तिच्यात खोटी नावं टाकली, शिरूरच्या तिन्ही संगणकांवरून तिला छळलं. एक नाव हललं नाही. प्रत्येक वेळी पाटी यायची, फाईल दुसऱ्याकडे उघडी आहे. सर्व्हर पुन्हा पुन्हा सांगत होता, की माझं काही चुकत नाही. सुट्टी संपत आली होती आणि दारात चपला वाजायला लागल्या होत्या.

“आता मी उघडून बसते,” ती म्हणाली. “तू तिकडनं उघड. काय म्हणती?”

“उघडली.”

“पाटी आली?”

“न्हाई. पाटी कसली?”

“माझ्याकडं उघडी हाय म्हणून.”

“न्हाई ताई. सरळ उघडली. लिहायला बी देतीय.”

तिनं त्याला एक नाव टाकून सेव्ह करायला सांगितलं. त्यानं केलं. तिच्या पडद्यावर काही हललं नाही, जुनीच यादी शांत बसली होती. मग तिनं आपल्या बाजूनं एक टिंब टाकलं आणि सेव्ह दाबलं. आता बंद करून परत उघड, म्हणाली. त्यानं उघडली.

मी टाकलेलं नाव गेलं, तो म्हणाला.

मग त्यांनी उलटं करून बघितलं. आधी त्यानं उघडली. त्याच्या लिनक्सनं फायलीशेजारी आपली एक लपलेली खूणफाईल ठेवली, मी लिहितोय अशी. सुवर्णाच्या विंडोजनं तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. दोघांची दोन वेगळी कुलपं, आणि एकाचं दुसऱ्याला दिसत नव्हतं. सत्यजीतनं डोक्याला हात लावला असावा, कारण फोनवर काहीतरी आपटल्यासारखं झालं. संगणक त्यानंच जोडला होता. विंडोजवाले सर्व्हरमध्ये ज्या वाटेनं शिरतात ती वाट न घेता त्यानं लिनक्सची आपली वाट घेतली होती, सोपी पडते म्हणून. खोली एक आणि दारं दोन. पुढच्या दाराची कडी लावून सुवर्णा राखण करत बसली होती, मागचं दार सताड उघडं. पुण्याचा इंजिनीअर पुढच्या दाराला धक्का देऊन बघून गेला होता.

“म्हंजी मी दिवसभर उघडी धरून बसायचे,” सुवर्णा सावकाश म्हणाली. “तू दुपारी नावं टाकायचास. आन् संध्याकाळी मी सकाळचीच यादी त्यावर सेव्ह करून घरी जायचे.”

“व्हय. मला एकदा दिसलं व्हतं नावं गेलेली. वाटलं, मीच सेव्ह करायचं इसरलो. लाजंनं कुणाला बोललो न्हाई, परत टाकली.”

ती परत टाकलेलीही तिनंच पुसली होती. जेवढा पहारा कडक, तेवढी नावं जास्त. तरी तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं. हेतू नव्हता हे आता दाखवता येत होतं. तिनं आनंदरावांना हाक मारायला मान वळवली, आणि तेवढ्यात सत्यजीत चाचरत बोलला.

“ताई, एक सांगू का. दादा परत आले व्हते. यादी दिल्यावर दोन-तीन दिसांनी, एकटेच, गाडीवरनं. गेणबा चुलत्यांचं न् बाकीची नावं तवाच दिली. पण त्येंच्या आधी तुमचं दिलं. आत्या म्हणून, सगळ्यात वर घाल म्हणाले. टाकलेलं वाचून घेतलं माझ्याकडनं. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल.”

सुवर्णानं फोन टेबलावर ठेवला. तो चालूच होता, त्यातून ताई, ताई असा आवाज येत राहिला. रोज सकाळी ती ज्या ओळीची वाट बघत होती ती ओळ संध्याकाळी तिच्याच बोटाखाली मेली होती, एकदा नाही, दोनदा. दादा आला होता. उंबऱ्यात नाही, पण दौंडपर्यंत आला होता.

आनंदरावांना तिनं करून दाखवलं. ते दोनदा बघितल्यावर त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी दौंडचा संगणक विंडोजच्याच वाटेनं जोडला गेला, आणि पाटी दौंडलाही यायला लागली. आनंदराव म्हणाले, चुकलं आमचं, पत्रिकांवर बसा. चुकलेल्या नावांच्या पत्रिका फुकट छापून देतो म्हणाले, पण वाटलेल्या पत्रिका गावोगावच्या घरांतून परत कोण आणणार? सुवर्णानं सुट्टी मागितली आणि देऊळगाव राजेला निघाली.

न्हावरा, चौफुला, दौंड. तीन गाड्या बदलल्या. वाटेत ती मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्यात सर्व्हर येत होता. शेवंतीच्या रानात पाळी घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं? की तुझा शब्द मी पुसला, पण मला माहीत नव्हतं?

दादा अंगणात मांडवाचं माप घेत होता. अंजनावहिनी दारातून बघून आत गेली. ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. सुवर्णा उभ्या उभ्याच सगळं बोलली. दोन दारं, कडी, उघडी फाईल, संध्याकाळचं सेव्ह. मध्ये एकदा तिचा आवाज फुटला तरी थांबली नाही. दादा दोर धरून ऐकत होता.

“मशीनचं मला काय बी कळत न्हाई,” तो अखेर म्हणाला. “मला येवढंच कळतं. नाव दिलं त्या दिसापास्नं म्या फोन खिशातनं काढून ठिवला न्हाई. म्हणलं, ती तिथंच बसती. तिला दिसंल. दिसल्यावर ती फोन करंल.”

“मी रोज सकाळी बघत व्हते, दादा.”

“आन् मी रोज फोन बघत व्हतो.” तो खाली बघत होता. “पत्रिका आली, तुझं न्हाई. तुझ्यासंगट चुलत्यांची बी गेल्याली. म्हणलं, हिनं सोताचं कापलं आन् वर भावकी बी तोडली माझी. चार लोकांत सांगून बसलोय मी, बहीण यायची न्हाई. आता कुठल्या तोंडानं शब्द फिरवू?”

नको फिरवूस, सुवर्णा म्हणाली. तिला आता रडू येत नव्हतं.

“लोकांना सांग, बोलावलं न्हवतं. पत्रिकंत नाव न्हाई, समद्यांनी बघितलंय. तरी आली. लाज सोडून आली म्हणून सांग. पर मी येणार.”

दादानं वर बघितलं नाही. अंगणात पसरलेला दोर तो कोपरावर गुंडाळत राहिला. शेवटचा वेढा घातला, गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून परत मारली.

“हळदीला सकाळच्याला ये,” तो गाठीकडं बघत म्हणाला. “दुपारी आलीस तर पावनी आल्यावानी दिसंल.”